राखणदारानं शीव ओलांडली तेव्हा

लवू पेंटर आणि पवित्रा यांची पहिली भेट झाली, त्या दुपारी कोंडमाठ गावावर सूर्य पाच मिनिटं थांबून राहिला होता, कोकिळा गाता गाता अर्ध्या सुरावर गप्प झाल्या होत्या आणि अठरा किलोमीटरवरच्या मालवणच्या समुद्राला वेळ झाली नसताना ओहोटी लागली होती. हे सगळं लवूचं म्हणणं. समुद्राचं तुला कुठून कळलं, असं विचारलं तर तो छातीवर हात ठेवून सांगतो, "माका आतसून कळला."

त्यातलं खात्रीनं सांगता येण्यासारखं इतकंच, की २०२० सालातला एप्रिल महिना होता, सगळा मुलूख दारं लावून घरात बसला होता आणि लवूच्या पोटात तेरा दिवस मासा गेला नव्हता. मालवणी माणूस रोगाला भितो, पोलिसाला भितो, बायकोला तर भितोच. पण तेराव्या दिवशी ही सगळी भीती एका बांगड्यापुढे फिकी पडते. पलीकडच्या वाडीत कुणाच्या तरी मेहुण्यानं गुपचूप मासळी आणल्याची खबर लवूला लागली. डांबरी रस्त्यावर पोलीस होते, म्हणून तो आंब्याच्या बागेतून गेला आणि तसाच परत आला. येताना शर्टाच्या आत पोटाशी चार बांगडे होते आणि चेहऱ्यावर आपण नुसते फिरायला निघालो असल्याचा भाव होता.

"थांब. हात वर कर."

आवाज वरून आला. लवूनं हात वर केले. हातांबरोबर शर्ट वर गेला आणि चारही बांगडे एकेक करून पाचोळ्यात पडले. कलमाच्या फांदीवर सात वर्षांची एक मुलगी बसली होती. तोंडावर ओढणी गुंडाळलेली, हातात गलोल, आणि गलोलीचा नेम बरोबर लवूच्या नाकावर.

"तू कोरोना आसंस?"

"नाय गो बाय. मी लवू पेंटर."

"हायस्कूवालो?"

लवूचा चेहरा पडला. गावाच्या हायस्कुलाची पाटी रंगवताना शेवटच्या अक्षरापाशी त्याचा निळा रंग संपला होता. उद्या करतंय म्हणाला, त्याला अकरा वर्षं झाली. पाटीवर अजून 'कोंडमाठ हायस्कू' एवढंच आहे आणि मुलंही आता तसंच म्हणतात. शंकरच्या दुकानावर 'येथे सर्व प्रकारचे' एवढं लिहून लवू जेवायला गेला, तो परत आलाच नाही. देवळाच्या मंडपात त्याच्या हातचे दशावतार आहेत, ते आठच. चित्र काढणारा हात देवानं दिलेला. मासा असा काढील की मांजर येऊन बसावं. पण शेपटीपर्यंत पोचायच्या आत त्याला कंटाळा येई. नंतर फ्लेक्स आले, पाट्या कुणाला नकोशा झाल्या, आणि लवूला मनातून सुटल्यासारखं वाटलं. अर्धवट सोडायला काम तरी कुठे उरलं होतं.

मुलगी झाडावरून सरसर उतरली. तिचं नाव पवित्रा. बाप हर्कबहादूर हा नेपाळातला. चार वर्षांपूर्वी बायको बिस्ना आणि मुलीला घेऊन तो या बागेवर राखणीला आला. त्याची मराठी अजून ठेचकाळत चाले, मुलीची मालवणी मात्र गावातल्या म्हाताऱ्यांना लाजवील अशी. बिस्नाचे वडील आजारी पडले म्हणून ती फाल्गुनात एकटीच माहेरी गेली. दहा दिवसांत येते, म्हणाली. वडील गेले, दिवस झाले, आणि ती निघणार तोच दोन्ही देशांनी सीमा बंद केली. दहाचे चाळीस दिवस झाले. पवित्रानं आईशी फोनवर बोलणं सोडलं. हर्क फोन कानाला लावायला गेला की ती झाडावर चढायची. आईनं खोटं सांगितलं, हा तिचा आरोप होता, आणि त्यावर सुनावणी नव्हती.

"तुका चित्रां काढूक येतत मां?" तिनं विचारलं. "मगे माका एक सुपरहिरो काढून दी. माजी आवस नेपाळात अडाकली हा. सीमा बंद केल्यानी. त्येना जावचा आणि तिका घेवन येवचा."

लवूची नजर बांगड्यांवर होती. "आमच्याकडे सुपरहिरो खंयचो गो? आमच्याकडे राखणदार. गावची शीव राखणारो देव."

"तो उडता?"

"चलता. पण असो चलता की बघणाऱ्याक वाटता उडता."

"चड्डी वरसून घालता?"

"धोतर नेसता. खांद्यार घोंगडी. हातात घुंगराची काठी, पायात ह्या एवड्या चपला. अंधारात कोण वाट चुकलो की पुढे चलत ऱ्हवता आणि घराकडे पोचयता."

पवित्रानं विचार केला. घोंगडी चालण्यासारखी होती. पाठीवरून उडवता आली असती. "काढ," ती म्हणाली. "रोज एक पान. आवस येयसर." आणि तीन बांगडे परत देऊन चौथा जकात म्हणून ठेवून घेतला.

घरी बायकोनं, शेवंतीनं, तीन बांगडे तव्यावर टाकता टाकता सगळी हकीकत ऐकली. "आयुष्यात एक पाटी पुरी केलास नाय," ती म्हणाली, "आणि आता त्या आवशीयेगळ्या चेडवाक फसवतास?"

लवूला ते लागलं. जेवल्यावर तो झोपला नाही, ही त्या घरातली ऐतिहासिक घटना होय. अंडरआर्म क्रिकेटच्या स्पर्धेची रद्द झालेली पाचशे हँडबिलं त्याच्याकडे पडून होती. त्यांच्या कोऱ्या पाठीवर त्यानं पहिलं पान काढलं: शिवेवरच्या दगडावर राखणदार उभा, घोंगडी वाऱ्यावर, मिशा जरा लवूसारख्याच.

पवित्रानं ते पान रस्त्याकडेच्या तारेच्या कुंपणाला कपड्यांच्या चिमट्यानं लावलं. दुसऱ्या दिवशी दुसरं, तिसऱ्या दिवशी तिसरं. रेशनला जाणारी माणसं थांबून वाचू लागली. गावात बघण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. चौथ्या पानावर राखणदारानं शीव ओलांडली, चपला फटफटवत तो नेपाळच्या दिशेनं निघाला, आणि त्याच रात्री बिबट्यानं भाई गावकरांचा कोंबडा नेला.

आता हा कोंबडा साधा नव्हता. राखणदाराला वर्षाचा मान द्यायचा म्हणून भाईंनी तो वेगळा पोसला होता. स्वतःचा कोंबडा सांभाळायलाही राखणदार शिवेवर नव्हता, याहून मोठा पुरावा कोंडमाठात कुणाला लागणार नव्हता. भाई गावचे मानकरी. देवाला गाऱ्हाणं, म्हणजे गावाच्या वतीनं साकडं, घालायचा मान त्यांचा. शिवाय चौतीस वर्षं तलाठी म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. त्यामुळे देव आणि सरकार या दोघांच्याही वतीनं त्यांना रागावता येई.

शाळेच्या पटांगणात सभा भरली. माणसं सहा-सहा फुटांवर बसल्यामुळे खासगीतलं बोलणंही ओरडून करावं लागत होतं.

"लवू, राखणदाराक शिमेभायर जावक कोणी सांगल्यान?" भाईंनी विचारलं.

"भाई, ह्या चित्र आसा."

"चित्र आसा ता माका म्हायत. वाघाक म्हायत आसा?"

लवूनं सभेकडे बघितलं. सभा रानाकडे बघू लागली.

"रोग शिमेर येवन ठाकलो हा," मागून वाडीतली सुगंधा म्हणाली, "आणि ह्येना राखणदाराक फिराक धाडल्यान. नेपाळाक."

"उद्याच्या पानार राखणदार परत शिमेर व्हयो," भाईंनी निकाल दिला. "हद्द म्हणजे हद्द. तेची हद्द शिमेपर्यंत, पुढे तेका काय अधिकार?"

लवू मान खाली घालून घरी आला. एरवी काम थांबवायला सांगितलं असतं तर त्यानं सांगणाऱ्याला चहा पाजला असता. आता मात्र त्याच्या हातून पेन्सिल खाली ठेववेना. राखणदार परत आला, की बिस्नाला आणायला कोणी गेलेलंच नाही, असा त्याचा अर्थ होणार होता. निदान कलमावर बसणाऱ्या एका व्यक्तीच्या लेखी. आणि झालंही तसंच. निकाल कळताच पवित्रा झाडावर चढली ती उतरेना. दुपारचं जेवण हर्कनं फांदीला बांधून ठेवलं, तेही तसंच राहिलं. संध्याकाळी भाई स्वतः बागेत आले. आले ते समजूत घालायला, पण वर बघून बोलायची त्यांना सवय नव्हती.

"खाली ये गो. राखणदार गावचो. तो भायर जाणा नाय."

"भाईआजा," वरून आवाज आला, "मगे माज्या आवशीक कोण हाडतलो?"

चौतीस वर्षांत भाईंनी कोणताही अर्ज अनुत्तरित ठेवला नव्हता. फार झालं तर 'विचाराधीन आहे' असं लिहीत. इथे तेही लिहिता येईना. "बघतंय," एवढंच म्हणून ते परतले.

सकाळी ते लवूच्या पडवीत हजर झाले, काखेत फाईल घेऊन.

"माझी बदली झाली की मी काय करायचो?" त्यांनी विचारलं. भाई कामाचं बोलू लागले की पुस्तकी मराठीत बोलत. "सज्जातली गावं सोडून पळायचो का? नाही. नवीन माणसाला चार्ज द्यायचो. तुझ्या राखणदारानं चार्ज न देता जागा सोडली, ही चूक. त्याला शिवेवर परत आण. तिथे तो शेजारच्या गावच्या राखणदाराला बोलवील, गाऱ्हाणं घालील आणि चार्ज देईल. तो त्याच्या हद्दीपर्यंत नेईल, पुढच्याला देईल. असं नेपाळपर्यंत."

"आणि येताना?"

"येताना बाई तशीच हातोहात इकडे. प्रत्येक शिवेवर पंचनामा पाहिजे. दोन पंच, सही, अंगठा."

"भाई, सुपरहिरो पंचनामो करतलो?"

"सुपरहिरो असला म्हणून काय झालं?"

लवूनं हिशेब मांडला. गावागणिक एक पान धरलं तर पवित्राच्या लग्नाच्या सुमाराला राखणदार नेपाळात पोचला असता. त्यावर भाईंनी तोडगा काढला: जिल्ह्यात गावनिहाय, जिल्ह्याबाहेर तालुकानिहाय, महाराष्ट्राबाहेर राज्यनिहाय. परमुलखात इतकी सूट चालते, असं ते म्हणाले.

पाचव्या पानावर राखणदार शिवेवर परतला. बिबट्या पुन्हा आला नाही. कोंबडा पोटात असल्यामुळे आला नसेल, असं कुणी म्हटलं नाही. सहाव्या पानावर राखणदारानं शेजाऱ्यापुढे गाऱ्हाणं घातलं: "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाची आवस सीमेपलीकडे अडाकली हा, तिका सुखरूप हाड रे म्हाराजा." ते पान शंकरनं कुंपणापाशी उभं राहून मोठ्यानं वाचलं, आणि रस्त्यावर रेशनच्या पिशव्या घेऊन उभे असलेले बाराजण एका तोंडानं म्हणाले, "व्हय म्हाराजा." त्यांना तसं म्हणायचं होतं असं नाही. पण गाऱ्हाणं कानावर पडल्यावर मालवणी जीभ गप्प बसत नाही. सर्वांत मोठा आवाज सुगंधाचा होता.

मग काय, कॉमिक सुसाट सुटलं. कणकवलीचा राखणदार नव्या उड्डाणपुलाखाली स्वतःची जागा शोधत फिरत होता; त्याला आधी ती शोधून द्यावी लागली. वैभववाडीचा स्टेशनात गाडीची वाट बघत बसला होता आणि गाड्या बंद असल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पानांचे फोटो फोनवरून गावोगाव गेले आणि तक्रारी येऊ लागल्या. आमचा राखणदार घोड्यावर असतो, त्याला पायी का चालवलात? आमच्याला दाढी आहे. लवू निमूटपणे दुरुस्त्या करी, त्यामुळे रोजच्या पानाला आता दोन-दोन दिवस लागू लागले. घाट चढल्यावर मात्र त्याचं ज्ञान संपलं. मध्य प्रदेशाचा राखणदार वाघावर बसून आला आणि उत्तर प्रदेशाचा नुसता पान खात उभा राहिला, कारण लवूची त्या प्रदेशाची माहिती तेवढीच होती. पावसाळ्यात पानं शंकरच्या पडवीत लागू लागली. शेवंती रोज सकाळी पेन्सिलीला टोक करून ठेवी आणि काही बोलत नसे. बोलली असती तर लवूला बरं वाटलं असतं. तिचं गप्प राहणं त्याला जास्त धाकाचं होतं.

पलीकडून कोण आणील, हा प्रश्न हर्कनं सोडवला. त्यांच्याकडचा देव मष्टो. "तो खूप रागवाला देव हाय," हर्क म्हणाला, "पण बायकांना मदत करते." एकोणसाठाव्या पानावर इकडून उत्तर प्रदेशाचा राखणदार आणि तिकडून मष्टो, सीमेवरच्या नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आले. मध्ये पूल.

आणि त्याच दिवशी हर्कला फोन आला. बिस्ना खरंच गावाहून निघून त्या पुलाशी आली होती. साठ-सत्तर माणसांबरोबर पुलाच्या तोंडाशी बसून होती. सोडत नव्हते.

लवूनं पेन्सिल खाली ठेवली. त्यानं पूल मनानं काढायचा ठरवला होता. आता पूल खरा होता आणि त्याच्यावर खरी बाई होती. "पूल कसो आसा तो?" त्यानं विचारलं. हर्कला सांगता येईना. त्यानं तो एकदाच, तोही अंधारात ओलांडला होता.

"इच्यार तिका," लवू पवित्राला म्हणाला. "माका म्हायत नसलेलो पूल मी काढणा नाय."

ही थाप होती. उत्तर प्रदेश त्यानं तसाच काढला होता. पण पवित्रानं बापाच्या हातातून फोन घेतला. चार महिन्यांनी ती आईशी बोलू लागली, ती एखाद्या अधिकाऱ्यासारखी. नेपाळीत विचारायची आणि मालवणीत लवूला सांगायची.

"कठडो आसा म्हणता. निळो."

"लवून मान डोलवल्यान, पेन्सिल चालू," पुढे तीच म्हणाली.

"ह्या काय?" लवूनं विचारलं.

"तसा पपा आवशीक सांगता हा," पवित्रा म्हणाली. हर्क शेजारून फोनमध्ये इथलं सगळं वर्णन ओरडत होता. तिनं त्याला दूर ढकललं.

"देव दिसता काय तिका खंय?"

"नाय म्हणता. दोन पोलीस आसत. एक खुर्चेर न्हिदलो हा. चायचा दुकान आसा, बंद."

"तुजी आवस खंय बसली हा?"

पवित्रानं विचारलं. मग फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"काय सांगता गो?"

"इच्यारता, जेवलंस काय."

"मगे सांग."

"सांगतंय." आणि तिनं सांगितलं. काय जेवली, कुणी केलं, भाईंचा कोंबडा कसा गेला, सुगंधा कशी ओरडते. लवूनं साठावं पान काढून पुरं केलं: निळा कठडा, झोपलेला पोलीस, बंद चहाचं दुकान, पथारीवर बसलेली बाई. देव दोघेही त्यानं लहान काढून कोपऱ्यात ठेवले. तरी मायलेकींचं बोलणं चालूच होतं.

"आता उद्या ती पूल वलांडतली," फोन ठेवून पवित्रा म्हणाली.

लवू उद्या म्हणाला. दुसऱ्या दिवशीही उद्या म्हणाला, आणि तिसऱ्या दिवशीही. हा शब्द त्यानं जन्मभर वापरला होता, पण असा कधी नाही. कोरं हँडबिल पुढे घेऊन तो बसे. पुलावरून ती आली असं काढलं आणि ती आलीच नाही, तर? चित्रातली बाई तो दोन मिनिटांत इकडे आणू शकत होता, म्हणूनच त्याला भीती वाटत होती. शेवंती चहा ठेवून गेली. थोड्या वेळानं परत येऊन गार झालेला चहा घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी हर्क पावसातून पळत आला. "आली, पेंटरभाऊ. इंडियात आली."

"कशी?"

"चालत. काल दोन घंटे गेट उघडला. का उघडला कुणाला ठाऊक नाय. सगळे चालत आले. कोणी काय विचारला नाय."

"पंचनामो?" लवूनं विचारलं. हर्कला प्रश्न समजला नाही.

बिस्नाला कणकवलीला पोचायला सहा दिवस लागले. तिथून रिक्षानं ती गावाच्या शिवेवर उतरली, तेव्हा सगळं गाव तोंडाला फडकी बांधून उभं होतं आणि सर्वांच्या पुढे भाई होते. हातात दोरी. बाहेरून येणाऱ्याला चौदा दिवस प्राथमिक शाळेत ठेवायचा नियम होता आणि गावच्या कोरोना समितीचे अध्यक्ष भाईच होते. ते पवित्राकडे न बघता म्हणाले, "हद्द म्हणजे..." आणि पुढचं त्यांनी गिळलं. दोरी मात्र शाळेभोवती बांधली.

म्हणून मग बिस्ना शाळेच्या खिडकीत आणि पवित्रा दोरीच्या अलीकडे, असे त्यांचे दिवस गेले. मध्ये गणपती आले. शेवंतीनं दोरीखालून मोदक सरकवले. पवित्रा एकेक पान उंच धरून आईला दाखवी, वाचून दाखवी, आणि गाऱ्हाण्यापाशी थांबून आईकडून 'व्हय म्हाराजा' म्हणवून घेई. साठावं पान बघायला बिस्ना खिडकीच्या गजांशी आली. मग तिनं मुलीला काहीतरी विचारलं.

"काय म्हणता?" दोरीला टेकून उभ्या असलेल्या लवूनं विचारलं.

"म्हणता, मी इतकी जाडी आसंय?"

लवूनं खिशातून खोडरबर काढला आणि तिथेच बसून बिस्नाला थोडी बारीक केली.

चौदाव्या दिवशी दुपारी तीन वाजता तिला सोडलं, तेव्हा पवित्रा बागेतल्या त्यांच्या खोपीत झोपली होती. ती उठेपर्यंत आईनं भांडी घासून ठेवली होती. पुढल्या वर्षी हर्कला रत्नागिरीकडच्या एका बागेत जास्त पगार मिळाला आणि ती तिघं तिकडे गेली. एकसष्टावं पान लवूनं काढलंच नाही; पण हे काम त्यानं अर्धवट सोडलं, असं मात्र कोंडमाठात कुणी म्हणत नाही.